शिरोड्याचे खडे मीठ: बरणीसाठी उत्तम, रोजच्या डब्यासाठी नव्हे

कोकणातल्या आंबट-खाऱ्या पदार्थांची चव शहरातल्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी का उतरत नाही, याचा शोध घेताना बहुतेक जण मसाल्यापाशी थांबतात. त्याआधी एकदा मीठ बदलून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांत पिकणारे खडे मीठ मी गेली काही वर्षे लोणच्यासाठी, खारातल्या कैऱ्यांसाठी, आगळासाठी (म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसासाठी) आणि मासे खारवण्यासाठी वापरते आहे. या मिठाने जिथे खरोखर फरक पडतो ती ठिकाणे कोणती आणि जिथे त्याच्याबद्दल उगाच मोठे दावे केले जातात ती कोणती, हे वेगळे करून सांगावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे.

हे मीठ हातात घेतल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो त्याचा रंग. पिशवीतल्या दळलेल्या मिठाचा पांढरा शुभ्रपणा त्याला नसतो. ते किंचित राखाडी असते आणि हाताला ओलसर लागते. खडे वाटाण्याएवढे, काही त्याहून मोठे. एखादा खडा उजेडात धरला तर त्याच्या कडा काटकोनात सरळ उतरलेल्या दिसतात आणि मधोमध दुधी ढग दिसतो. तो ढग म्हणजे खडा बनत असताना आत अडकून राहिलेल्या खाऱ्या पाण्याचे अगदी बारीक थेंब. तापल्या तव्यावर खडे टाकले की ते तडतडून उडतात, त्याचे कारणही हेच अडकलेले पाणी. दृष्ट काढल्यानंतर चुलीत टाकलेले मीठ ज्या आवाजाने फुटते तो आवाज बारीक मिठाने येत नाही, हे ज्यांच्या घरी अजून दृष्ट काढली जाते त्यांना ठाऊक असेल.

मीठ कसे पिकते हे थोडे समजून घेतले तर त्याचे गुणदोष आपोआप उलगडतात. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक भाग आपण खातो ते मीठ असते. पावसाळा संपला की आगरांचे बांध दुरुस्त करतात, वाफ्यांचा तळ पायाने मळून आणि चोपून गुळगुळीत करतात, मग भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हावर आटवतात. आटत्या पाण्यातून आधी चुना आणि जिप्सम खाली बसते. पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर आले, म्हणजे खाऱ्या पाण्याचा घनपणा ज्या बोमे मापाने मोजतात त्याच्या सुमारे २५ अंशांपर्यंत घट्ट झाले, की मिठाचे खडे धरू लागतात. ते आणखी आटू दिले आणि घनपणा तिशीच्या जवळ पोहोचला तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरू लागतात, म्हणून त्याआधीच उरलेले पाणी काढून टाकावे लागते. हा क्षण ओळखणे हीच आगरात काम करणाऱ्याची खरी विद्या आहे. चिखलाच्या तळावरून लाकडी फावड्याने मीठ ओढताना थोडी माती सोबत येतेच, आणि राखाडी रंग तिचाच असतो. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या गेरांदमध्येही मीठ चिखलाच्या तळावरच पिकते आणि तेही राखाडीच असते. तिथे तो रंग अभिमानाने मिरवला जातो आणि जगभरातले खवय्ये त्याला भारी किंमत मोजतात. आपल्याकडे तोच रंग पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिरोड्याच्या मिठाला इतिहासाचेही वजन आहे. दांडीला ६ एप्रिल १९३० रोजी मिठाचा कायदा मोडला गेल्यानंतर मे महिन्यात शिरोड्याच्या आगरांवर सत्याग्रह झाला आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी तिथे लाठ्या खाल्ल्या. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आगरवाडा येथेही अशीच आगरे आहेत, आणि त्यांनी वेगळा जाच सोसला: १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे गोव्याच्या मिठावर ब्रिटिश भारताचे नियंत्रण आले आणि करार १८९२ मध्ये संपेपर्यंत तिथल्या मीठ पिकवणाऱ्यांचे कंबरडे मोडले. आज देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत तयार होते, त्यामुळे कोकणातली लहान आगरे भावाच्या स्पर्धेत टिकणार नाहीत हे उघड आहे. ती टिकायची तर त्यांच्या मिठाचा वेगळेपणा ओळखून ते विकत घेणारे लोक लागतील.

आता वापराकडे वळते. घरी आणलेल्या मिठाची पहिली परीक्षा म्हणून मूठभर खडे काचेच्या पेल्यातल्या पाण्यात विरघळवून तासभर न हलवता ठेवावेत. तळाशी राखाडी साय बसते, क्वचित वाळूचे दोन-चार कण दिसतात, आणि वरचे पाणी स्वच्छ, नितळ राहते. दळलेल्या पिशवीतल्या मिठाचे पाणी सुरुवातीला थोडे गढूळ दिसते, कारण ते मोकळे राहावे म्हणून त्यात गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ मिसळलेले असतात. खडे मिठाचा गाळ डोळ्यांना दिसतो आणि काढून टाकता येतो. म्हणून मी हे मीठ कोरडे वापरण्याऐवजी बऱ्याचदा आधी त्याचा खार, म्हणजे मिठाचे दाट पाणी, करते, तो रात्रभर निवळू देते आणि वरचे पाणी धुतलेल्या सुती कापडातून गाळून घेते. घाईच्या माणसाला हा उद्योग नकोसा वाटेल, आणि ज्याला तो नकोसा वाटतो त्याने हे मीठ घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगते.

खारातल्या कैऱ्या हा या मिठाचा खरा प्रांत. बाठ न धरलेल्या कोवळ्या, न चिरलेल्या कैऱ्या देठाचा थोडा भाग ठेवून धुऊन कोरड्या करायच्या, चिनी मातीच्या बरणीत भरायच्या आणि त्या पूर्ण बुडतील इतका खार ओतायचा. खाराचा जोर पाहण्यासाठी त्यात कच्चे अंडे सोडावे. ते तरंगले तर खार पुरेसा झाला असे समजावे. गोव्यात याच प्रकारचे चेपणीचे तोर (तोर म्हणजे कोवळी कैरी) करतात, त्यात पाणी न घालता तोर आणि मीठ यांचे थर देऊन वर दगडाचा भार ठेवतात आणि कैरीला सुटलेल्या पाण्यातच ती मुरते. दोन्ही प्रकारांत मीठ आपला गुण दाखवते. दळलेल्या मिठात मुरवलेली कैरी श्रावणापर्यंत मऊ पडलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. खडे मिठातली कैरी सुरकुतते, तिचा हिरवा रंग पिवळट होतो, पण दाताखाली ती करकरीत राहते. मिठात राहिलेल्या जिप्सममधले कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला, म्हणजे त्याला घट्टपणा देणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून ठेवते, आणि लोणच्याच्या कारखान्यांतही फोडी कडक राहाव्यात म्हणून कॅल्शियमचे क्षार मुद्दाम घालतात. पावसाच्या दिवसांत उकड्या तांदळाच्या पेजेसोबत अशी कैरी हाताने कुस्करून, वर हिरवी मिरची आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब घालून खावी. ज्या घरात पेज होत नाही तिथे मऊ भातही चालेल. फणसाचे कच्चे गरे याच खारात टाकले तर पावसाळाभर भाजीला पुरतात, त्यासाठी मात्र भाजी करण्यापूर्वी ते पाण्यात घालून खारटपणा उतरवावा लागतो.

आंब्याच्या लोणच्यात फरक थोडा कमी जाणवतो, कारण तिथे मोहरी, मेथी, हिंग आणि तेल आपापला आवाज काढतात. तरीही फोडींना आधी मीठ-हळद लावून रात्रभर ठेवण्याची जी पायरी असते तिथे खडे मीठ सावकाश विरघळते, फोडींचे पाणी एकदम न सुटता हळूहळू सुटते आणि फोड आक्रसत नाही. मापाबाबत मात्र सावध राहावे. एक किलो फोडींना साधारण २०० ग्रॅम मीठ हे प्रमाण मी ठेवते, आणि ते वजनानेच घेते, वाटीने कधीच नाही. मोठ्या खड्यांच्या मध्ये हवा राहत असल्यामुळे खडे मिठाची शिगोशीग वाटीसुद्धा बारीक मिठाच्या वाटीपेक्षा हलकी भरते. जुन्या पाककृतींत वाटीचे माप असते ते खडे मिठाला धरून दिलेले असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच वाटीने दळलेले मीठ घातले की लोणचे खारट होते. उलट, खडे मीठ वाटीने मोजून कमी पडले तर लोणच्याला बुरशी धरते.

माशांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते कोकणातल्या काही मंडळींना रुचणार नाही. बांगडा पाठीतून चिरून, पोट साफ करून, मीठ भरून उन्हात वाळवायचा असेल तर शुद्ध मीठ मांसात लवकर शिरते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेले मीठ सावकाश शिरते, मासा वरून पांढरा आणि ताठ दिसतो आणि मीठ नवे असेल तर चवीला किंचित कडवटपणा येतो. शिवाय मिठागरांत अतिखाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव असतात, ज्यांच्यामुळे आटत आलेले वाफे कधीकधी गुलाबी दिसतात. हेच जीव न धुतलेल्या मिठातून सुक्या माशावर पोहोचले आणि हवा दमट असली तर माशावर लालसर, चिकट थर धरतो आणि त्याला वास येतो. कोकणचा पावसाळा म्हणजे दमट हवाच. म्हणून माशासाठी मी वर्षभर जुने मीठ वापरते, ते आधी थोड्या गाढ खारात हलवून धुऊन घेते, आणि वाळलेला बांगडा डब्यात घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवते. इतकी काळजी घेतली तर निखाऱ्यावर भाजलेल्या त्या बांगड्याची चव बाजारातल्या माशाहून निश्चितच सरस उतरते.

आगळाबद्दल लिहिल्याशिवाय या मिठाचा हिशेब पुरा होणार नाही. पिकलेल्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली आणि गर मिठात घालून, रोज ढवळून जो गडद तांबडा रस निघतो तो आगळ. त्यात साखरेचा थेंबही नसतो आणि मिठामुळेच तो वर्षभर टिकतो. शिरोड्याच्या आठवडी बाजारात घरगुती आगळाच्या बाटल्या याच मिठाच्या पोत्यांशेजारी मिळतात. मी घेतलेला आगळ दाट, स्वच्छ आंबट आणि शेवटी हलका तुरट होता; नारळाच्या दाट दुधात चमचाभर घातल्यावर सोलकढीला जो फिकट जांभळट गुलाबी रंग येतो तो त्याला लगेच आला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा बाटलीवर तो उल्लेख शोधायला हरकत नाही. आगळ वापरताना सोलकढीत वेगळे मीठ घालू नये, आणि रक्तदाब असलेल्यांनी हा पदार्थ जपूनच घ्यावा.

बाजारात आज विशेष मिठांची मोठी चलती आहे, त्यांतल्या दोन-तीन मिठांशी तुलना करून पाहिली. उपवासाला चालणारे सैंधव आपल्याकडे पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणींमुळे पिढ्यान्पिढ्या परिचित आहे; त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि आयुर्वेदात पाच लवणांत त्याचे स्थान मानाचे आहे. चवीला ते सौम्य आणि सरळ असते, पण कैरीच्या खारात त्याने विशेष काही साधत नाही. काळे मीठ ही वेगळीच गोष्ट आहे. त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे येणारा वास ताकाला, भेळेला आणि कैरीच्या पन्ह्याला शोभतो, बरणीला मुळीच शोभत नाही. परदेशी पातळ पापुद्र्यांचे मीठ कलिंगडाच्या किंवा टोमॅटोच्या फोडीवर भुरभुरले तर जिभेवर चटकन विरघळून छान लागते. शिरोड्याचा खडा हलकेच खलबत्त्यात कुटला की जवळपास तोच परिणाम साधतो आणि खर्च नगण्य येतो.

आता दाव्यांविषयी. अलीकडे असे मीठ सुबक पाकिटांत भरून, गावच्या भावापेक्षा कितीतरी पट किमतीला इंटरनेटवर विकले जाते. मी मागवलेल्या एका पाकिटावर ८४ खनिजे आणि नैसर्गिक आयोडीन असल्याचे ठळक छापले होते. खनिजांचे प्रमाण इतके किरकोळ असते की त्यासाठी मीठ खाणे हा विचारच उलटा आहे, आणि समुद्राच्या पाण्यात आयोडीन असले तरी उन्हावर पिकलेल्या मिठात ते नाममात्रच उतरते. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे, आणि रोजच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्याला कायद्याने मनाई आहे. ते विकायचे तर टिकवण्यासाठी, जनावरांसाठी किंवा इतर उपयोगासाठी असल्याचे पाकिटावर लिहावे लागते. गलगंड आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटणे या गोष्टी आयोडीनच्या अभावाशी जोडलेल्या आहेत, तेव्हा वरण-भात, भाजी आणि कणकेच्या मिठासाठी डब्यात आयोडीनयुक्त मीठच असावे, विशेषतः ज्या घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल आहे तिथे. कोणतेही मीठ घेतले तरी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा तीच राहते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय मिठांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळल्याचे दाखवले होते; कापडातून खार गाळला तरी ते सगळे कण अडत नाहीत, हेही गिऱ्हाइकाला माहीत असले पाहिजे.

त्या पाकिटाची दुसरी तक्रार साठवणीची आहे. आत मिठाने पाणी धरले होते आणि तळाशी कडू ओल साचली होती. शुद्ध मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी धरते, पण मिठात उतरणाऱ्या कडू क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड अवघ्या ३३ टक्क्यांवरच ओले होऊ लागते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर. हवाबंद प्लास्टिकमध्ये ती ओल बाहेर जाऊ शकत नाही आणि मीठ स्वतःच्याच कडू पाण्यात बसून राहते. खेड्यात मिठाचे पोते फळीवर टेकून ठेवतात, खाली पाणी ठिबकू देतात, आणि त्यामुळे सहा-आठ महिन्यांत मीठ आपसूक गोडावते. मी बाजारात पोत्यातले चकचकीत पांढरे मीठ निवडले तेव्हा विकणाऱ्या आजींनी ते माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाल्या, “नवा मीठ कडू लागता, गेल्या वर्षाचा घेवा.” शेजारच्या पोत्यातले, दिसायला मळकट आणि खड्यांच्या कडा बोथट झालेले मीठ त्यांनी मापून दिले. जिभेवर दोन्ही ठेवून पाहिल्यावर नव्या मिठाचा कडवटपणा घशात थोडा वेळ राहिला, जुन्याचा खारटपणा लवकर आणि साफ निघून गेला.

तेव्हा घ्यायचे असेल तर पाकिटातले घेऊ नये. मीठ साधारण जानेवारीनंतर पिकू लागते आणि पहिल्या पावसाआधी आगरे आवरतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या बाजूला जाणे झाले तर गेल्या हंगामाचे मीठ मागावे. लोणच्याचा मोसम त्याच वेळी असतो, त्यामुळे ते थेट उपयोगी पडते. पाच किलो एका कुटुंबाच्या वर्षभराच्या बरण्यांना पुरते. नवेच मिळाले तर ते बांबूच्या टोपलीत किंवा सच्छिद्र सुती पिशवीत भरून, खाली ताट ठेवून, पावसाळाभर टांगावे आणि ताटातले पाणी फेकून द्यावे. दिवाळीनंतर ते चिनी मातीच्या बरणीत भरावे. स्टीलच्या आणि पत्र्याच्या डब्यांत ठेवू नये, गंज चढतो. शिरोड्यापर्यंत जाणे जमत नसेल तर रायगड जिल्ह्यातल्या पेण-उरणच्या बाजूची आगरे मुंबई-पुणेकरांना जवळ आहेत, आणि तिथेही हाच नियम लावून, जुने, मळकट आणि कडा झिजलेले मीठ मागून घ्यावे.